पस्तीसच्या वर मैदान बंद

६ जानेवारी

ही वही बायकोने दिली. "रोज घरी आलात की सगळी शाळा मला ऐकवता. त्यापेक्षा हिच्यात लिहा. ही ऐकता ऐकता झोपणार नाही," असं वर सुनावलं. ती हॉस्पिटलात नर्स आहे. दिवसभर पेशंटांची गाऱ्हाणी ऐकून तिचे कान किटलेले असतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही. वही मात्र घेतली.

आणि लिहिण्यासारखं लगेच घडलं. मुख्याध्यापिका बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, क्रीडादिनाचं काही असेल. यंदाचा क्रीडादिन माझा शेवटचा. मार्चअखेर मी निवृत्त होतोय, आणि त्या दिवशी अख्ख्या शाळेसमोर संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या हातून मला मानपत्र मिळायचं आहे. पण बाईंनी भलतंच काढलं. वरून पत्रक आलंय, नववीच्या मुलांचं 'हवामान बदल जागृती मंडळ' सुरू करा म्हणून. विज्ञानाच्या बाई ते मागत होत्या. "पण त्यांच्याकडे दिलं तर उद्या काहीतरी होऊन बसेल," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुमच्याकडे दिलं की मी निश्चिंत."

एवढा विश्वास! तोही खेळाच्या मास्तरवर! जिना उतरताना छाती फुगली होती. बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "लिहिलंत ना वहीत? मग झालं."

९ जानेवारी

मंडळाचा पहिला तास. मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं, सावधान-विश्राम केलं आणि मग समजावून सांगितलं, की आकाशाला भोक पडलंय, त्यातून ऊन जास्त येतं आणि म्हणून पृथ्वी तापते. सोपं आहे.

एका मुलीचा हात वर. ही मुलगी मला पाचवीपासून माहीत आहे. हिला कायम काहीतरी शंका असते, म्हणून सगळी शाळा तिला शंकाच म्हणते.

"सर, ते भोकाचं प्रकरण वेगळं. हे पांघरुणासारखं आहे. आपण जे जाळतो ना, कोळसा, पेट्रोल, त्याचा वायू..."

मी तिला मैदानाला दोन फेऱ्या मारायला पाठवलं. माझ्या तासाला मध्ये बोलायचं नाही, हा नियम आहे. ती गेली, दोन फेऱ्या मारून आली आणि धापा टाकत म्हणाली, "...त्याचा वायू वर पांघरुणासारखा पसरतो. उष्णता आत येते, पण बाहेर जात नाही."

बाकीची पोरं दात काढत होती. मी म्हटलं, "मी तेच सांगत होतो."

मंडळात एक गोगलगायही आहे. हा मुलगा गेली चार वर्षं आईची चिठ्ठी आणून खेळाचा तास चुकवतोय. इथे का आला म्हणून विचारलं, तर म्हणे, "सर, इथे पळायचं नसेल असं वाटलं." दोन फेऱ्या!

रात्री जेवताना पांघरुणाचं बायकोला सांगून बघितलं. तिला ते आधीच ठाऊक होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं तर मलाच कोणी कसं सांगितलं नाही?

१७ जानेवारी

पोरांनी एक पेटी केलीय. विज्ञानाच्या बाईंनी रीत सांगितली म्हणे. जुन्या खिडकीच्या झडपा जोडून, पांढरा रंग लावून, चार पायांवर मैदानाच्या कडेला उभी केलीय. आत थर्मामीटर. झडपांतून वारा आत जातो, पण ऊन जात नाही. मी म्हटलं, सरळ उन्हात टांगा की. शंका म्हणाली, "सर, तापमान हवेचं मोजायचं असतं, उन्हात तापलेल्या थर्मामीटरचं नाही." मी तिला पाठवणार होतो, पण ती आधीच पळायला लागली होती.

पेटी छानच झालीय. मला असं काही टापटीप दिसलं की राहवत नाही. प्रार्थनेनंतर माईक घेतला आणि सगळ्या शाळेला सांगितलं, "आपल्या मंडळाचा नियम! पारा पस्तीसच्या वर गेला की मैदान बंद! कवायत बंद, खेळ बंद, सगळ्यांनी आत! हा माझा शब्द आहे!" टाळ्या पडल्या. विज्ञानाच्या बाईंनी तर उभ्या राहून वाजवल्या. मग मी स्वतः ब्रश घेऊन मैदानाच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने तो नियम लिहून काढला.

पस्तीस हा आकडा मी विचार करून निवडलाय. या मैदानावर माझा जन्म गेला. परीक्षा संपेपर्यंत इथे पारा पस्तीसला शिवत नाही. म्हणजे नियमही झाला आणि अडचणही काही नाही.

१२ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण क्रीडादिनाची तयारी. तो एक मार्चला आहे. संचलन यंदा असं करणार आहे की अध्यक्षसाहेबांनी बोट तोंडात घालावं. चारशे पोरं, एक पाऊल. पुढे शाळेचा बँड. बँडमधला मोठा ड्रम ज्याच्या गळ्यात आहे तो आठवीतला पोरगा ड्रमपेक्षा जेमतेम मोठा आहे, पण ठेका असा देतो की मुडदासुद्धा चालायला लागेल. त्याला मी सांगून ठेवलंय, काही झालं तरी हलायचं नाही. तू हललास की सगळी शाळा हलली.

त्रास एकच. सकाळचे थंड तास सगळे गणिताला आणि इंग्रजीला. आम्हाला मैदान मिळतं ते ऊन डोक्यावर आल्यावर.

१४ फेब्रुवारी

सरावाला जेमतेम सुरुवात झाली होती, तोच शंका पळत आली. "सर, पारा छत्तीस."

मी म्हटलं, शक्य नाही. जाऊन बघितलं. छत्तीस. पेटीला टिचकी मारली. छत्तीस. थर्मामीटर बाहेर काढून झटकला. गोगलगाय म्हणाला, "सर, हा तापाचा नाहीये, झटकून उतरत नाही."

चारशे डोकी माझ्याकडे बघत होती. मागे भिंतीवर माझ्याच हाताने लिहिलेला नियम, दीड हात उंचीच्या अक्षरांत. करतो काय? शिट्टी मारली आणि मैदान बंद केलं. पोरं आनंदाने ओरडत आत पळाली. एवढी शिस्त त्यांनी संचलनात दाखवली असती तर बरं झालं असतं.

थर्मामीटर बिघडलेला असणार.

१८ फेब्रुवारी

नवा थर्मामीटर आणला. तोही बिघडलेला निघाला. सदतीस.

या आठवड्यात सराव असा झालाच नाही. ज्या दिवशी ढग होते त्या दिवशी थोडं चाललो, तर डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हे पोरं विसरलेली. बदकांचा कळप बरा. मुख्याध्यापिका बाईंनी व्हरांड्यात गाठलं. "सर, तुमचं मंडळ जरा जास्तच जागृत झालंय का? तो नियम वर्गात टांगायचा होता हो, पाळायचा नव्हता."

मी म्हटलं, "बाई, मी शब्द दिलाय."

"मग अध्यक्षसाहेबांसमोर बदकं चालवणार आहात का?"



२० फेब्रुवारी

दुपारी स्टाफरूममध्ये एकटाच डोकं धरून बसलो होतो. शंका मंडळाची वही तपासून न्यायला आली आणि भिंतीवरचा फोटो बघत उभी राहिली. माझ्या पहिल्या क्रीडादिनाचा फोटो. मध्ये मी, तेव्हा केस होते.

"सर, हा फोटो कधीचा?"

"अगं, क्रीडादिनाचा. मार्चच्या सुरुवातीचाच असतो की दरवर्षी."

"मग तुम्ही सगळ्यांनी स्वेटर का घातलेत?"

मी उठून चष्मा लावला. खरंच. पोरं स्वेटरमध्ये. पाहुण्यांच्या गळ्यात मफलर. मी स्वतः पूर्ण बाह्यांच्या लोकरी स्वेटरात, आणि तो स्वेटर मला आठवतोय, कारण तो बायकोनेच विणला होता. हा फोटो मी रोज बघतो. त्यातलं पोट नसलेलं पोट बघतो, केस बघतो. स्वेटर कधी बघितला नव्हता.

शंकाने पुढे काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं. तिच्या जागी मी असतो तर विचारलं असतं, की सर, मग थर्मामीटर खरंच बिघडलाय का?

२१ फेब्रुवारी

काल डोकं उठलं आणि ताप भरला. ऊन लागलं, दुसरं काही नाही. बायकोने कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या आणि तासाभरात पारा उतरला.

ओल्या फडक्याने पारा उतरतो.

मी आता जे लिहिणार आहे ते फक्त या वहीसाठी आहे. आज सकाळी शिपायाच्याही आधी शाळेत गेलो. माझा लाल पट्ट्यांचा कवायतीचा मोजा पाण्यात भिजवला आणि पेटीत थर्मामीटरच्या खालच्या टोकावर चढवला. पारा दिसायला वर मोकळी जागा ठेवली. मोजा झडपांच्या मागे येतो, बाहेरून काही कळत नाही. सरावाच्या वेळी पारा अठ्ठावीस! मैदान चालू! चारशे पोरं एका पावलात नाही, पण निदान दोन-तीन पावलांत चालली.

याला फसवणूक म्हणत नाहीत. थर्मामीटरलाही ऊन लागतं. त्याला जरा बरं वाटावं म्हणून केलं. शिवाय हे क्रीडादिनापर्यंतच. शिवाय गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मी स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. एक मानपत्र. तेही फ्रेमसकट.

आकडा वाचून दाखवताना शंकाने पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अठ्ठावीस, सर?" "अठ्ठावीस," मी म्हटलं. "वारा आहे आज."

वारा नव्हता.

२४ फेब्रुवारी

झकास चाललंय. रोज सकाळी मोजा भिजवतो, सराव होतो. संचलन रुळावर आलं. बाई खूश, मी खूश.

आज एक गंमत झाली. गडबडीत मोजा भिजवायचा राहिला. सराव सुरू झाल्यावर आठवलं. पेटीपाशी गेलो तर मोजा ओलाचिंब, पारा एकोणतीस! कालचं पाणी आजपर्यंत टिकलं. चांगल्या कापडाचा आहे. पूर्वीच्या वस्तूच वेगळ्या.

गोगलगाय आजकाल पेटीजवळच घुटमळत असतो, पाण्याची भलीमोठी बाटली घेऊन. म्हटलं, एवढं पाणी कशाला रे? म्हणे, "सर, उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावं. मंडळात शिकवलंय." निदान एकाने तरी काही घेतलं माझ्याकडून.

शंका म्हणाली, "सर, पेटीला थोडा वास येतोय." मी म्हटलं, रंगाचा असेल. ती म्हणाली, "असेल, सर." वाद न घालता! शिस्त अंगी भिनतेय.

२६ फेब्रुवारी

सरावात ड्रमवाला पोरगा खाली पडला. उभ्या उभ्या. ड्रमसकट. आधी ड्रमचा आवाज झाला म्हणून मला वाटलं ठेका चुकला, आणि मी ओरडलोसुद्धा. मग बघितलं.

सावलीत नेलं, पाणी मारलं, पंधरा मिनिटांत शुद्धीवर आला. "काही नाही सर, पाय घसरला." मी म्हटलं, सकाळी खाल्लं नसशील. तर म्हणे डबा दोनदा खाल्ला, एकदा स्वतःचा, एकदा शेजारच्याचा. चेहरा विटेसारखा लाल होता.

पेटीत पारा तीस होता. तीसमध्ये कोणी पडत नाही. पडायला नको.

रात्री बायकोला सांगितलं. मोज्याचं नाही सांगितलं. ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, "या वर्षी उन्हाने पडलेली पोरं फेब्रुवारीपासूनच यायला लागलीत आमच्याकडे." मग ताट उचलताना म्हणाली, "तुमचा दुसरा मोजा कुठाय? दोरीवर एकच वाळतोय."

मी म्हटलं, हरवला.

२८ फेब्रुवारी

झोप नाही. परवा क्रीडादिन. यंदा फेब्रुवारी एकोणतीसचा, उद्याचा दिवस सुटी, मांडव घालायचा आहे. काल आणि आज सराव घेतलाच नाही, फक्त वर्गात ठेके मोजून घेतले. बाईंना सांगितलं, पोरांचा दम राखून ठेवतोय.

कार्यक्रम सकाळी आठला आहे. आठला गार असतं. नऊ-साडेनऊला सगळं संपेल. मोज्याची गरजच पडणार नाही. तरी भिजवून ठेवीन, असू दे.

२ मार्च, म्हणजे कालचं आज लिहितोय.

अध्यक्षसाहेब आठला यायचे होते. साडेआठला फोन आला, निघताहेत. साडेनऊला फोन आला, निघालेत. पोरं रांगेत उभी. मी मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, तोवर आत सोडतो. त्या म्हणाल्या, "आणि गाडी आल्यावर गोळा करायला पुन्हा अर्धा तास? राहू द्या, आलेच ते."

साहेब आले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मांडवात पंखे, थंड पाणी. त्यांना कोणीतरी मंडळाबद्दल सांगितलं होतं, त्यामुळे संचलन राहिलं बाजूला आणि साहेब हवामान बदलावरच बोलायला उभे राहिले. झाडं लावा म्हणाले. उद्याचं जग मुलांचं आहे म्हणाले. मुलं समोर उन्हात होती. मानपत्र टेबलावर होतं, फ्रेमसकट, मला तिथून माझं नावसुद्धा दिसत होतं.

नियमाप्रमाणे मी पेटीकडे गेलो. पारा तेहतीस. रेषेच्या खाली. म्हणजे मैदान चालू. मोज्यातून पाण्याचे थेंब ठिबकत होते. मी भिजवल्याला चार तास होऊन गेले होते, आणि या उन्हात थेंब ठिबकत होते. याचा विचार करायला वेळ नव्हता. बाजूला गोगलगाय बाटली पाठीमागे धरून आकाशाकडे बघत उभा होता.

मी रांगेकडे बघितलं. ड्रमवाला पुढे, ताठ. ओठ पांढरे, मान लाल. डोळे समोर. मी सांगितलं होतं ना, काही झालं तरी हलायचं नाही. तो हलत नव्हता. त्याच्यामागे कोणीच हलत नव्हतं. असं संचलन माझ्या सबंध नोकरीत उभं राहिलं नव्हतं. यासाठीच मी जन्मभर घसा फोडला होता, आणि ते बघून मला भीती वाटली. खरीखुरी.

मी पेटीत हात घातला आणि मोजा ओढून काढला. पारा चढताना बघत उभा राहिलो. चौतीस. पस्तीस. मग थांबायचं नावच घेईना. एकोणचाळीसवर जाऊन टेकला.

शिट्टी मारली. साहेब 'आपली वसुंधरा' असं काहीतरी म्हणत होते, ते तिथेच थांबले.

"मैदान बंद!" मी ओरडलो. "सगळे आत! पळायचं नाही, पाणी प्या, सावलीत बसा! ड्रम खाली ठेव रे बाळा!"

बाळा असं मी कोणालाही कधी म्हटलेलं नाही. तोंडून निघून गेलं.

पाच मिनिटांत मैदान रिकामं. मांडवात पाहुणे, समोर कोणी नाही. मी मैदानाच्या मध्ये, हातात ओला मोजा. साहेबांनी माईकवरूनच विचारलं, "हे काय चाललंय?" मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यांनी वाचलं. मग गाडीत बसून गेले. संचलन नाही, शर्यती नाहीत, मानपत्र नाही. ते बाईंनी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

केबिनमध्ये माझा जो पाणउतारा झाला तो लिहीत नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडे दिलं म्हणून मी निश्चिंत होते हो!" आवाज भरून आला होता. म्हणजे एवढं होऊनही माझ्याबद्दल त्यांच्या मनात जागा आहे.

४ मार्च

शंका आणि गोगलगाय घरी आली. मला वाटलं, मोज्याचं कळलं. पण त्यांचं दुसरंच होतं. रविवारी पहाटे, उजाडता उजाडता, क्रीडादिन पुन्हा घ्यायचा. मांडव नको, पाहुणे नको, भाषणं नको. ऊन चढायच्या आत सगळं आटपायचं. मुख्याध्यापिका बाईंना विचारून आली होती. त्या म्हणाल्या म्हणे, "काय ते करा, मला काही सांगू नका."

"एवढ्या पहाटे कोण येणार?" मी म्हटलं.

"मी येणार," गोगलगाय म्हणाला. "मी चारशे मीटरमध्ये आहे."

मी खाली बसलो.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "त्यांना सांगून टाका."

"काय सांगू?"

"मोज्याचं." तिला कसं कळलं देव जाणे. "मला सांगू नका, वहीत लिहू नका. त्यांना सांगा."

७ मार्च

उद्या सांगणार. नाही सांगणार. मी जन्मभर पंच म्हणून उभा राहिलो. कोणाचा पाय रेषेवर पडला की शिट्टी मारली, तो कोणाचाही मुलगा असो. आता हीच पोरं माझ्याकडे कशी बघतील? पण सांगितलं नाही आणि पुढे कधी कोणी त्यांना म्हणालं, की तुमचे आकडे खोटे होते, तर खोटारडी ती ठरतील. आकडे त्यांनी वाचले, मोजा माझा होता.

सांगणार.

८ मार्च

पहाटे अंधारात पोहोचलो तर मैदान भरलेलं. चारशे पोरं, आईबाप, कोणाचा आजा काठी टेकत, विज्ञानाच्या बाई पाण्याचं पिंप भरताना. मागे मुख्याध्यापिका बाई, डोक्यावरून ओढणी घेऊन, कोणी ओळखू नये म्हणून. बायको रात्रपाळी संपवून तशीच गणवेशात आली होती. लग्नापासून एकदाही क्रीडादिनाला आली नव्हती. "आज झोप येत नव्हती," म्हणाली.

संचलन झालं. मी ते वर्णन करून सांगणार नाही. ड्रमचा ठेका अजून कानात आहे. मग शर्यती. चारशे मीटरमध्ये गोगलगाय शेवटचा आला. बाकीच्यांना बक्षीस देऊन, टाळ्या वाजवून झाल्या तरी हा येतच होता. पण आला. रेषा ओलांडून सरळ आडवा झाला आणि म्हणाला, "सर, आता आईची चिठ्ठी लागणार नाही."

सूर्य शाळेच्या भिंतीवर आला तेव्हा मी सगळ्यांना सावलीच्या बाजूला उभं केलं. उंचीप्रमाणे नाही, कसंही. माईक नव्हता. मला तशी गरज पडत नाही.

म्हटलं, "एक सांगायचंय. फेब्रुवारीत पेटीतला पारा कमी दाखवत होता. तो खरा नव्हता. आत ओला मोजा होता. तो मोजा माझा होता."

आणि चारशे पोरं, एका सुरात, एका श्वासात म्हणाली,

"माहितीये, सर!"

इतकं एका सुरात या पोरांनी राष्ट्रगीतही कधी म्हटलेलं नाही.

आईबाप हसायला लागले. बायको तर पिंपाला टेकून हसत होती. शंकाने हात वर केला. मी म्हटलं, बोल.

"सर, लाल पट्ट्यांचा मोजा सगळ्या शाळेत तुमच्या एकट्याचाच आहे. पहिल्याच दिवशी कळलं. तो दुपारपर्यंत वाळायचा आणि पारा वर जायचा, म्हणून मग पाणी आम्ही घालायला लागलो. वाटून घेतलं होतं. जास्त वेळा यानेच घातलं." गोगलगाय जमिनीवर पडल्या पडल्या हात हलवत होता.

"पण का?" मी विचारलं. "खरा आकडा ठाऊक होता तुम्हाला?"

"हो. दुसरा थर्मामीटर होता ना, जुना, बिघडलेला नसलेला. मागच्या झाडाला. तो आम्ही रोज लिहीत होतो. अडतीस, एकोणचाळीस."

"मग उन्हात उभे कशाला राहिलात, मूर्खांनो?"

शंकाने पहिल्यांदाच शंका न काढता खाली बघितलं. ड्रमवाला म्हणाला, "तुमचा शेवटचा होता ना, सर."

मला वाटलं होतं, मी त्यांना फसवतोय. त्यांना सगळं ठाऊक होतं. मला एक फ्रेम मिळावी म्हणून ती पोरं खरा आकडा खिशात ठेवून माझ्यासमोर भाजत उभी राहिली, आणि वर माझा मोजा ओला करत राहिली. मी रडलो. लिहायला लाज वाटते, पण अख्ख्या शाळेने बघितलंय, वहीपासून काय लपवायचं?

मग आवाज चढवला, जेवढा चढला तेवढा. "ऐका! पुन्हा कुठल्याही म्हाताऱ्याच्या हौसेसाठी असं उन्हात उभं राहायचं नाही! तो कोणीही असो! सर असो, साहेब असो! आकडा खरा असेल तो तोंडावर सांगायचा आणि मैदान सोडायचं! कळलं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"कळलं का, विचारतोय!"

गोगलगाय उठून बसला, कपडे झटकले आणि म्हणाला, "बघू, सर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बघू. माझा हुकूम आजवर कोणी मोडला नव्हता, आज एकदम चारशे जणांनी मोडला. मी नाक शिंकरलं आणि ऊन यायच्या आत रिलेची शर्यत लावली.